बसथांब्याजवळची मोरी

माझे दाजी सत्तावीस वर्षं रस्त्यावरचे मुकादम होते. त्यांच्या टोळीत सहा माणसं, एक रोलर आणि रोलरवर मी, म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. बहिणीच्या नवऱ्याच्या हाताखाली काम करणं काय असतं ते ज्याचं त्यालाच कळतं. दिवसभर त्याची बोलणी खायची आणि संध्याकाळी त्याच्याच घरी जेवायला बसायचं.

दाजींचा स्वभाव संशयी. नुसता संशयी म्हटलं तर कमीच पडेल. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचे, दोन घरं पुढे जायचे आणि परत येऊन चौथ्यांदा ओढायचे. डॉक्टरांची चिठ्ठी दोन औषधवाल्यांना दाखवायचे. दोघांनी वेगवेगळ्या गोळ्या काढल्या तर डॉक्टरचं अक्षर वाईट, आणि एकच काढली तर दोघांचं आतून ठरलेलं. ताईनं एकदा त्यांना निळा शर्ट आणला. घालून बघायच्या आधी त्यांनी विचारलं, "मध्येच शर्ट कशाला?" ताई म्हणते, "लग्न ठरलं तेव्हा यांनी माझ्या दोन मैत्रिणींकडे माझी चौकशी केली होती. तिसरी भेटली असती तर मी सुटले असते."

हाच स्वभाव रस्त्यावर आला की त्याला सगळे गुण म्हणायचे. रस्ता वरून गुळगुळीत दिसला की दाजींच्या मनात शंकेची पाल चुकचुकायची. हातात पहार घेऊन ते चालायचे, चार पावलांवर एक ठोका. ठक्क वाजलं तर पुढे. ढब वाजलं तर तिथंच उकिडवे बसून कान लावायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी खुशाल हसावं. शाळेच्या फाटकासमोर एकदा असंच ढब वाजलं. खणून बघितलं तर पाण्याची वाहिनी गळून खालची सगळी माती वाहून गेलेली, आत माणूस उभा राहील एवढी पोकळी, आणि वर डांबराचा नुसता पापुद्रा. दुसऱ्या दिवशी तिथं शाळेच्या गाड्या उभ्या राहणार होत्या. उपअभियंता साहेबांनी सगळ्यांसमोर दाजींची पाठ थोपटली. परतताना दाजी मला विचारतात, "पाठ का थोपटली असेल रे?"

पुलापासून रुग्णालयाच्या कोपऱ्यापर्यंतचा सव्वादोन किलोमीटरचा रस्ता त्यांच्याकडे होता. त्याच्या पोटात काय काय आहे ते सगळं त्यांच्या डोक्यात होतं. जुनी गटारं, बुजवलेल्या विहिरी, कुणी कधी कुठून नेलेले नळ. कागदावर यातलं काहीही नव्हतं. कार्यालयातल्या नकाशात तो रस्ता म्हणजे दोन सरळ रेघा. कुठेही खणायचं निघालं की आधी दाजींना फोन यायचा, आणि फोन आला की ते तो चार वेळा वाजू द्यायचे. त्यांचा तेवढाच रुबाब होता.

ते कुणाला काही सांगत नसत, त्यालाही कारण होतं. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी हाताखालच्या एका माणसाला मनापासून सगळं शिकवलं होतं. तो माणूस सगळं शिकला, त्यानं ते साहेबांपुढे स्वतःच्या नावावर खपवलं आणि बाजाराकडच्या रस्त्याचा मुकादम होऊन बसला. तेव्हापासून दाजींनी कानाला खडा लावला. मलासुद्धा ते कधी कारण सांगत नसत. "इथं रोलर नको, हातानं ठोका" एवढंच म्हणायचे. का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "सांगतो तेवढं कर."

अशा माणसाच्या हातात एका सोमवारी प्रशिक्षणाचं पत्र पडलं. रस्तेदुरुस्तीच्या सर्व मुकादमांनी आणि रोलरचालकांनी चार दिवस भांडाराच्या वरच्या मजल्यावर हजर राहावं. शेवटी परीक्षा. जो उत्तीर्ण होणार नाही त्याच्या पदाचा फेरविचार होईल.

दाजींनी ते पत्र उजेडासमोर धरलं, मागून बघितलं आणि मला म्हणाले, "सत्तावीस वर्षांनी आम्हाला खड्डा बुजवायला शिकवणार. कुठेतरी पाणी मुरतंय."

"दाजी, शिकवतील आणि सोडतील. चार दिवस उन्हातून सुटका."

"तू रोलरच चालव," ते म्हणाले.

वरच्या मजल्यावर आम्ही सोळा जण होतो. आठ मुकादम, आठ चालक. प्रत्येकाला एक वही, एक पेन आणि मधल्या वेळेत चहा-बिस्किटं. दाजींनी वहीची पानं मोजली. शिकवायला एक मॅडम आल्या होत्या, पस्तिशीच्या, रस्त्यांच्या इंजिनिअर. आवाज बारीक, पण बूट मात्र धुळीनं भरलेले. मी म्हटलं, बाई कामातली दिसते. दाजी माझ्या कानात कुजबुजले, "धूळ खरी आहे की खाली अंगणात लावून आलीये?"

पहिल्या दिवशी मॅडमनी काही शिकवलंच नाही. नुसतं विचारत राहिल्या. खड्डा आधी कुठं पडतो? कडेला की मधे? पाणी कुठून येतं ते कसं ओळखता? आणि आम्ही सांगू ते भराभर लिहून घेत होत्या. बाकीचे मुकादम फुशारून बोलत होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांचं बोलणं लिहून घेत होतं. दाजी हाताची घडी घालून बसले होते. मॅडमनी त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, "अंदाजानं ओळखतो."

घरी आल्यावर ताईला म्हणाले, "शिकवणारी बाई विचारते आणि शिकणारे सांगतात. मग शिकतंय कोण?" ताई पोळी तव्यावर टाकत म्हणाली, "तुम्ही सोडून सगळे शिकत असतील."

दुसऱ्या दिवशी आवारात खड्डा बुजवायचं शिकवलं. खड्डा वेडावाकडा तसाच भरायचा नाही, चारी बाजूंनी चौकोनी कापायचा. आतलं पाणी आणि धूळ काढायची, कडांना डांबर लावायचं, थरांनी भरायचं आणि प्रत्येक थर ठोकायचा. दाजी बघत राहिले. त्यांना ते पटलं होतं. पटलं की ते नाक खाजवतात, आणि त्या दिवशी त्यांनी बरंच नाक खाजवलं. जाताना एवढंच म्हणाले, "बाईला काम येतं." पुढे थोडं थांबून, "म्हणूनच जास्त जपलं पाहिजे."

तिसऱ्या दिवशी गोष्ट बिघडली. मॅडमनी प्रत्येक मुकादमाला एक मोठा कागद दिला. म्हणाल्या, "तुमच्या रस्त्याच्या खाली काय आहे ते तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही, आणि ते कुठेही लिहिलेलं नाही. तुम्ही निवृत्त झालात की ते तुमच्याबरोबर जाईल. म्हणून आज तुम्ही नकाशा काढायचा. मोरी, विहीर, पोकळी, जे असेल ते."

दाजींच्या चेहऱ्याकडे मी बघितलं. त्यांना जे हवं होतं ते सापडलं होतं. चार दिवसांचं प्रशिक्षण कशासाठी, वही-पेन कशासाठी, बिस्किटं कशासाठी, ते सगळं त्या कागदावर आलं होतं. एकदा तो कागद भरला की फोन येणार नाही. कागद बघून कुणीही खणेल, मग मुकादम हवाय कशाला?

परीक्षेत नापास झालं तरी जागा जाणार आणि नकाशा नीट काढला तरी जाणार, असा त्यांनी हिशेब मांडला. मग त्यांनी जे केलं ते मला नंतर कळलं. त्यांनी नकाशा काढला, तोही सगळ्यांत सुबक. पट्टी घेऊन रेघा, पावलांची मापं, बारीक अक्षर. शाळेतल्या पोरासारखे डाव्या हातानं कागद झाकून बसले होते. सगळं खरं काढलं आणि एकच गोष्ट खोटी.

औषधाच्या दुकानासमोर रस्त्याखालून पाणी वाहून नेणारी विटांची एक फार जुनी मोरी आडवी जाते. रस्त्याच्या मध्यावर तिच्यावर काँक्रीटचं झाकण आहे, तिथं भीती नाही. पण दुकानासमोरच्या कडेच्या पट्टीखाली तिची कमान उघडीच आहे आणि एका बाजूनं ढासळलेली आहे. बारा वर्षांपूर्वी दाजींनी ते तेव्हाच्या साहेबांना सांगितलं होतं. साहेब "बघू" म्हणाले आणि बदली होऊन गेले. त्यानंतर ते फक्त दाजींना माहीत होतं. ती मोरी त्यांनी कागदावर साठ पावलं पुढे सरकवली आणि बसथांब्याजवळ दाखवली. विचार असा, की उद्या कुणी कागद बघून बसथांब्याला खणेल, तिथं काही सापडणार नाही, आणि मग झक मारत मुकादमाला फोन करावा लागेल.

त्या पट्टीवर कुणी रोलर चढवेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. पट्टीवर तर नुसत्या सायकली लागायच्या.

चौथ्या दिवशी सकाळी मॅडम हसत आल्या. म्हणाल्या, आठही नकाशे त्यांनी घरी नेऊन बघितले आणि त्यातला पुलाच्या रस्त्याचा सगळ्यांत चांगला आहे. "आजचं प्रात्यक्षिक आपण त्याच रस्त्यावर करू." सगळे दाजींकडे वळून बघायला लागले. दाजींनी मान खाली घातली. मला वाटलं लाजले.

आम्ही सगळे तिथं गेलो. साहेबही आले होते. मॅडमनी नकाशा हातात धरून बसथांब्याकडे बोट दाखवलं. "इथं मोरी आहे. म्हणून यंत्र इथं आणायचं नाही. त्या दुकानासमोरच्या पट्टीखाली नकाशात काही नाही आणि तिथं दोन मोठे खड्डेही आहेत. तिथं करू." खड्डे कापले, साफ केले, भरले. मग त्या मला म्हणाल्या, "चालक, रोलर घ्या."

मी रोलर सुरू केला आणि दाजींकडे बघितलं. त्या पट्टीवर त्यांनी मला नऊ वर्षांत एकदाही चाक टेकवू दिलं नव्हतं. कारण मला माहीत नव्हतं, पण नको म्हणायचे एवढं माहीत होतं. ते आता नको म्हणतील म्हणून मी थांबलो. दाजी माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर मॅडमवर होती. म्हणजे चालेल, असं मी समजलो. एवढे साहेब आहेत, इंजिनिअर आहेत, आणि माझा दाजी समोर उभा आहे. मी गाडी पुढे घेतली.

आठ टनांचा रोलर चालतो गोगलगायीसारखा. रस्ता ओलांडून पट्टीपर्यंत जायला बराच वेळ लागतो. तेवढा वेळ दाजी पहार घेऊन तसेच उभे राहिले. मी वरून त्यांना बघत होतो. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि ओठ हलत होते. पण पाय हलत नव्हते.

पुढचा लोखंडी रूळ पट्टीच्या कडेला टेकायला दोन हात राहिले तेव्हा ते हलले. पहार टाकून धावत आले आणि दोन्ही हात वर करून रोलरच्या पुढ्यात उभे राहिले. मी ब्रेक मारला. गाडी गचका देऊन थांबली. मी शिव्या द्यायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात ते बोलले. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांनी ऐकला.

"नकाशा खोटा आहे. मी खोटा काढलाय. मोरी इथं आहे."

मॅडम पुढे आल्या. त्यांनी दाजींची पडलेली पहार उचलली आणि पट्टीवर स्वतः ठोका मारला. ढब. दुसरा मारला तसा वीतभर तुकडा आत गेला आणि काळं भोक पडलं. खालून पाण्याचा आवाज आला. मॅडम तिथंच फुटपाथच्या कडेवर बसल्या. मी रोलरवरून उतरून त्या भोकात वाकून बघितलं. रोलरवर माणूस उंच बसतो. तो उलटा झाला की माणूस कुठे जातो ते आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे.

साहेबांनी त्याच दिवशी दाजींना मुकादमपदावरून काढलं आणि भांडारात बसवलं. फावडी मोजायची, पिंपांवर आकडे लिहायचे. मॅडमनी आपल्या अहवालात लिहिलं की चूक त्यांचीही आहे. नकाशा कितीही चांगला असला तरी यंत्र आणण्याआधी चाचणीचा खड्डा घेऊन बघायला हवं होतं. तेव्हापासून तसा नियमच झाला. हे दाजींना कळलं तेव्हा तेवढ्या दुःखातही ते ताईला म्हणाले, "स्वतःवर का घेतलं असेल तिनं? काहीतरी असणार."

मी तीन आठवडे त्यांच्याशी बोललो नाही. जेवायलाही गेलो नाही. ताईला वाटलं, दाजींनी खोटा नकाशा काढून मला मान खाली घालायला लावली म्हणून मी रागावलोय. तसं नव्हतं. खोटा नकाशा मी समजू शकत होतो. ते नुसते बघत उभे राहिले होते ते मला समजत नव्हतं. रस्ता ओलांडेपर्यंतचा तो सगळा वेळ.

एका रविवारी सकाळी ते माझ्या दारात आले. बगलेत कागदाची गुंडाळी, हातात मोजायची टेप.

"टेपचं एक टोक धरायला माणूस पाहिजे," ते म्हणाले.

मला नाही म्हणायचं होतं. पण टेपला दोन टोकं असतात, आणि त्यांना दुसरं कोण होतं?

पुलापासून आम्ही सुरुवात केली. दर ठिकाणी ते माप सांगायचे आणि कागदावर लिहायचे. आधीच्या नकाशात जे होतं ते सगळं पुन्हा मोजलं. शिवाय त्यांनी आणखी तीन गोष्टी लिहिल्या ज्या कुणाला सापडल्या नसत्या आणि कुणी विचारल्याही नव्हत्या. एक बुजवलेली विहीर, एक सोडून दिलेला नळ, आणि रुग्णालयाच्या भिंतीलगत मातीचा एक पोकळ भाग. आता त्यांना यातून काही मिळायचं नव्हतं. पद गेलंच होतं.

औषधाच्या दुकानासमोर आल्यावर मी टेप खाली ठेवली.

"दाजी, तुम्ही तेवढा वेळ नुसते का उभे राहिलात?"

त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. मी परत विचारलं.

"मला वाटलं तिला कळलंय," ते म्हणाले. "माझाच नकाशा निवडला, माझाच रस्ता, नेमकी हीच पट्टी. एवढं सगळं उगाच कसं जुळेल? मला वाटलं, तिनं खोटं पकडलंय आणि सगळ्यांसमोर माझ्या तोंडून वदवून घ्यायला हा खेळ मांडलाय. रोलर पट्टीला टेकायच्या आत ती थांबवणार. मी वाट बघत होतो."

"आणि तिनं थांबवलं नसतं तर?"

"तिचं तोंड बघितलं मी शेवटी. ती हसत होती रे. मला काम दाखवत होती, तुमच्या नकाशामुळे किती सोपं झालं म्हणून. तिला काहीच माहीत नव्हतं. तिनं माझा कागद खरा धरला होता, बस. मला ते ओळखताच आलं नाही. माझ्यावर असा कुणी भरवसा ठेवेल, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आणि तू वर बसला होतास."

रस्त्याच्या कडेला, भर सकाळी, ते रडले. मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं. औषधवाल्यानं दुकानातून पाण्याचा पेला आणून दिला. दाजींनी पेला घेतला, त्यात निरखून बघितलं आणि मग प्यायले. तेव्हा मला हसू आलं आणि माझा राग तिथंच बराचसा उतरला.

नकाशा कार्यालयात दिला. तो आता काचेखाली लावलाय. नवा मुकादम त्यावरूनच काम करतो, आणि दाजींचा फोन वाजत नाही.

गेल्या महिन्यात रुग्णालयाच्या भिंतीलगत काम निघालं. दाजींच्या नकाशाप्रमाणे भिंतीला लागून पोकळ भाग आहे आणि त्यापासून चार हातांवर जमीन पक्की. मला रोलर त्या पक्क्या जमिनीवरून न्यायचा होता. नवा मुकादम म्हणाला, नकाशा आहे ना, घ्या पुढे. काम झालं, मोजून चार हातांवरून रोलर गेला आणि परत आला.

संध्याकाळी मी दाजींकडे जेवायला गेलो. तिथून रोलर गेल्याचं त्यांना आधीच कळलं होतं. हात धुवायच्या आत त्यांनी विचारलं, "चाचणीचा खड्डा घेतला होता ना?"

"नाही," मी म्हटलं.

"नियम आहे तो. का नाही घेतला?"

"तुमचा नकाशा होता."

ते माझ्यावर इतके भडकले की ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. अक्कल आहे का, कागदावर विसंबून यंत्र घालतात का, मला काही झालं असतं तर ताईला काय तोंड दाखवलं असतं. मी ऐकून घेतलं. मग ते पानावर बसले. जेवताना मध्येच थांबून म्हणाले, "खरंच नाही घेतला?"

"खरंच नाही."

त्यांनी मान हलवली आणि पुढचा घास घेतला. पुन्हा विचारलं नाही. नव्या मुकादमाकडे चौकशी करायलाही गेले नाहीत; मी महिनाभर लक्ष ठेवलं होतं. ज्या माणसानं जन्मात कुणाचं ऐकून काही खरं मानलं नाही, त्यानं माझं तेवढं मानलं.

मी त्या सकाळी तिथं चाचणीचे दोन खड्डे घेतले होते. एक नियमाप्रमाणे, आणि एक माझ्या खात्रीसाठी.